अँडर्स: खेळाडूची परवानगी न मागणारा सोबती

फॅन्टसी रोल-प्लेइंग गेममध्ये नायकाबरोबर जे सोबती हिंडतात, त्यांची एक ठरलेली रीत असते. आधी ते आपलं दुःख सांगतात, मग एखादं काम गळ्यात मारतात आणि कामाच्या शेवटी नायकाच्या तोंडाकडे बघतात. आता काय करू, सूड घेऊ की माफ करू? खेळाडू समोरच्या तीन ओळींतली एक निवडतो आणि एका माणसाचं आयुष्य मार्गी लागतं. याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यातलं विचित्रपण जाणवत नाही. शंभर लढाया पाहिलेली, आपल्याहून शहाणी माणसं स्वतःबद्दलचा निर्णय घ्यायला आपली वाट बघत उभी असतात.

बायोवेअर कंपनीच्या ‘ड्रॅगन एज २’ या २०११ सालच्या गेममधला अँडर्स वाट बघत नाही. गेमच्या शेवटी तो शहरातलं सर्वांत मोठं प्रार्थनामंदिर आतल्या माणसांसकट उडवून देतो. आपण त्याचे जिवलग मित्र असलो तरी, कट्टर विरोधक असलो तरी, त्याच्या प्रेमात असलो तरीही. (ज्यांनी गेम खेळलेला नाही आणि खेळायचा आहे, त्यांनी इथेच थांबलेलं बरं. पुढे सगळं फोडलेलं आहे.)

या पात्रावर खेळाडू वर्षानुवर्षं भांडत आले आहेत, आणि भांडणात दोन सोपी उत्तरं पुन्हा पुन्हा येतात. एक, तो खुनी आहे, विषय संपला. दुसरं, बिचाऱ्याच्या अंगात आत्मा होता, त्याने केलं. माझ्या मते दोन्ही उत्तरं गेमने समोर ठेवलेल्या अवघड गोष्टीपासून पळ काढतात. अँडर्स समजून घ्यायचा तर त्याचं बंड नेमकं कुणाकुणाविरुद्ध आहे ते बघावं लागतं, आणि त्या यादीत शेवटी आपणही येतो.

आधी त्याचं जग. थेडास या खंडात काही मुलं जन्मतःच जादू घेऊन येतात. जादूगार झोपला की फेड नावाच्या आत्म्यांच्या जगात जागेपणी वावरतो, आणि तिथल्या दैत्याने त्याच्या मनात शिरकाव केला तर तो माणूस राहत नाही, समोर येईल त्याला मारणारं एक भयानक काहीतरी होऊन बसतो. म्हणून चॅन्ट्री ही धर्मसंस्था अशा मुलांना घरातून उचलते आणि सर्कल नावाच्या बंदिस्त वसाहतीत ठेवते. पहाऱ्याला टेम्पलर सैनिक. प्रत्येक मुलाच्या रक्ताची कुपी जपून ठेवलेली असते, कारण पळून गेलेल्याचा माग त्या रक्तावरून काढता येतो. मोठं झाल्यावर परीक्षा असते. मुद्दाम दैत्यासमोर उभं करायचं, आणि मूल डगमगलं तर शेजारी तलवार घेतलेला टेम्पलर तयारच असतो. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्या कपाळावर सूर्याचं चिन्ह डागून त्याला ‘ट्रँक्विल’ करतात. जादू जाते, आणि तिच्याबरोबर राग, प्रेम, भीती, इच्छा सगळं जातं. माणूस शांत आवाजात बोलतो, सांगितलेलं काम नीट करतो, बस.

ही भीती हवेतली नाही. थेडासच्या उत्तरेला टेव्हिंटर नावाचं साम्राज्य आहे, तिथे जादूगारच सत्ताधारी आहेत आणि गुलामगिरी उघड चालते. गेम जिथे घडतो ते कर्कवॉल शहर कधीकाळी त्याच साम्राज्याचं गुलामांचं शहर होतं. गुलाम जिथे डांबले जात त्या गॅलोज नावाच्या किल्ल्यातच आता जादूगारांचं सर्कल आहे. लेखकांनी ही जागा उगाच निवडलेली नाही. आपल्या तुकडीत फेन्रिस नावाचा योद्धाही असतो, टेव्हिंटरमधून पळालेला गुलाम, मालक जादूगार. तो आणि अँडर्स रस्त्याने जाताना एकमेकांना जे टोचून बोलतात, ते ऐकताना दोघांपैकी एकाला गप्प करता येईल असा मुद्दा मला तरी सापडलेला नाही. दोघांनीही आपापली बाजू स्वतःच्या अंगावर भोगलेली आहे.

आता मूळ अँडर्स. तो पहिल्यांदा भेटतो ‘अवेकनिंग’मध्ये, म्हणजे पहिल्या ‘ड्रॅगन एज’ला २०१० साली आलेल्या पुरवणीत. सर्कलमधून सात वेळा पळालेला, पुन्हा पकडलेला, आणि तरीही तोंडाने चालूच. त्याच्या मागण्या साध्या आहेत. चांगलं जेवण, सुंदर मुलगी, आणि मूर्खांवर वीज पाडायचा हक्क. सर्कलमधल्या एका मांजराच्या अंगात दैत्य शिरला आणि त्याने तीन टेम्पलर लोळवले, ही गोष्ट तो अभिमानाने सांगतो. आपण त्याला मांजराचं पिल्लू भेट दिलं तर त्याचं नाव ठेवतो सर पाउन्स-अ-लॉट आणि ते बरोबर घेऊन लढाईला जातो. जादूगारांच्या मुक्तीशी या माणसाला काही देणंघेणं नाही. त्याला फक्त स्वतः पळायचं आहे.

याच गेममध्ये त्याला जस्टिस भेटतो. तो फेडमधला आत्मा, न्याय या एका कल्पनेचाच बनलेला, आणि अपघाताने एका मेलेल्या योद्ध्याच्या देहात अडकलेला. त्याला विनोद कळत नाही. तो अँडर्सला सरळ विचारतो की तू अन्यायातून सुटलास, मग मागे राहिलेल्यांचं काय? अँडर्स चेष्टेवारी नेतो. पण काटा रुतलेला असतो. पुढे पहिल्या आणि दुसऱ्या गेमच्या मधल्या काळात, आपल्या नजरेआड, अँडर्स जस्टिसला आपल्या शरीरात जागा देतो.

म्हणून ‘ड्रॅगन एज २’मध्ये तो पुन्हा दिसतो तेव्हा ओळखू येत नाही. अनेक खेळाडूंनी तेव्हा तक्रार केली की हा आमचा अँडर्स नव्हे, लेखकांनी पात्र बिघडवलं. दुसऱ्या गेमसाठी त्याचं लेखन जेनिफर हेप्लर यांनी केलं आणि आवाजाचा नटही बदलला, त्यामुळे तक्रारीला निमित्त होतंच. पण नीट ऐकलं तर जुना माणूस अधूनमधून डोकावतो. मांजराचं काय झालं विचारलं तर सांगतो, ज्यांच्या पथकात होतो त्या ग्रे वॉर्डन योद्ध्यांनी ते सोडून द्यायला लावलं, म्हणाले तू त्याच्यामुळे मवाळ होतोस. एवढंच. अँडर्सच्या सगळ्या राजकीय भाषणांपेक्षा या एका वाक्यातून मला त्याच्याबद्दल जास्त कळलं. ज्या संघटनेने त्याला सर्कलपासून वाचवलं, तिनेही त्याच्याकडून काहीतरी काढूनच घेतलं.

कर्कवॉलच्या पोटात डार्कटाउन नावाची अंधारी वस्ती आहे, तिथे तो दवाखाना चालवतो. युद्धातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांवर उपचार करतो, फुकट. आपली त्याची पहिली मोहीम म्हणजे कार्ल या जादूगाराला सर्कलमधून सोडवणं. रात्री चॅन्ट्रीत भेट ठरलेली असते. कार्ल पाठमोरा उभा. वळतो तेव्हा कपाळावर सूर्य. टेम्पलरांनी सापळा लावलेला असतो. अँडर्सचं अंग निळ्या प्रकाशाने फुटू लागतं, आवाज बदलतो, आणि जस्टिसच्या सान्निध्यामुळे कार्ल काही क्षण पूर्वीसारखा होतो. त्या क्षणांत तो एकच मागणं मागतो, मला असं जगायचं नाही, मारून टाक. पुरुष नायकाला अँडर्स हेही सांगतो की कार्लवर त्याचं प्रेम होतं. शेवटी जी इमारत तो उडवणार आहे, तीच ही.

मग ‘अंगात आलं होतं’ हा बचाव का चालत नाही? आपल्याकडे अंगात येणं म्हटलं की येणारी शक्ती आणि माणूस हे दोन वेगळे धरले जातात. ती आली, बोलली, गेली. माणसाला नंतर काही आठवत नाही. अँडर्सचं तसं नाही. जस्टिस येत-जात नाही, तो विरघळून गेला आहे. स्वतः अँडर्सचं म्हणणं असं, की माझ्या मनात टेम्पलरांबद्दल इतका राग साठला होता की न्यायाचा आत्मा माझ्यात आल्यावर सूडाचा झाला. म्हणजे झपाटलं कुणी कुणाला? आत्म्याने माणसाला बिघडवलं असं आपण सहज म्हणतो, पण गेममध्ये दोष उलट्या दिशेने वाहतो.

दुसऱ्या अंकात याचा पुरावा मिळतो. अल्रिक नावाचा टेम्पलर सगळ्याच जादूगारांना ट्रँक्विल करून टाकायची योजना आखतो आहे, अशी बातमी अँडर्स आणतो. आपण भुयारात जातो आणि तिथे अल्रिक एला नावाच्या मुलीला धमकावत असतो. अँडर्स पेटतो, अल्रिक आणि त्याची माणसं मरतात, पण निळा प्रकाश विझत नाही. घाबरलेली मुलगी त्याला दैत्य म्हणते आणि तो तिच्यावर धावून जातो, जिला वाचवायला आलो होतो तिच्यावरच. नायकाने योग्य शब्द वापरले तर ती वाचते, नाहीतर मरते. इथे खरोखर भान सुटलेलं आहे. म्हणूनच शेवटच्या स्फोटाशी याची तुलना करायला हवी. स्फोटाची तयारी दीर्घकाळ, शांत डोक्याने, खोटं बोलून केलेली आहे. भान सुटलेल्या माणसाला इतकी पद्धतशीर तयारी जमत नाही.

ती तयारी आपल्याच हातून होते. तिसऱ्या अंकात अँडर्स सांगतो, मला जस्टिसपासून वेगळं होण्याचा उपाय सापडला आहे, दोन वस्तू आणून दे. पहिली ‘सेला पेट्री’, जी शहराच्या गटारांत मिळते. दुसरी ‘ड्रेकस्टोन’, खाणीतला दगड. खेळाडू आनंदाने निघतो, मित्र बरा होणार म्हणून. आता सेला पेट्री म्हणजे मलमूत्रात तयार होणारा सोरा आणि ड्रेकस्टोन म्हणजे गंधक, हे ओळखायला रसायनशास्त्र लागत नाही. किल्ल्यांच्या गोष्टी वाचलेल्या कुणालाही सोरा, गंधक आणि कोळसा मिळून काय होतं ते ठाऊक असतं. लेखकांनी उत्तर डोळ्यांसमोर ठेवलं होतं. आपण बघत नाही, कारण गेममध्ये ‘अमुक गोळा करून आण’ या कामाचा विचार करायचाच नसतो. नकाशावर खूण दिसली की पाय आपोआप चालतात. पुढे तो म्हणतो, चॅन्ट्रीत मुख्य धर्माधिकारी एल्थिना यांना थोडा वेळ बोलण्यात गुंतव, का ते विचारू नकोस. विचारलंच तर उत्तर देत नाही. मदत नाकारता येते. स्फोट तरी होतोच.

इथे त्याचं बंड चौकटीबाहेर येतं. टेम्पलर, चॅन्ट्री, सर्कल यांच्याविरुद्धचं बंड सगळ्यांना दिसतं. पण जिथे प्रत्येक सोबती मोठ्या निर्णयाआधी नायकाला विचारतो, तिथे हा विचारत नाही, फसवतो आणि वापरून घेतो. रोल-प्लेइंग गेमने खेळाडूला दिलेलं सर्वांत मोठं वचन मोडलं जातं: तुझ्या निवडीने जग बदलेल. स्फोटानंतर अनेकांना आलेला संताप फक्त मेलेल्यांसाठी होता असं मला वाटत नाही. आपल्याला कुणी विचारलं नाही, हा त्यात मोठा भाग होता. आणि हा संताप थोडा तपासून बघण्यासारखा आहे, कारण अँडर्सची तक्रार नेमकी तीच आहे. जन्मापासून त्याच्याबद्दल सगळं दुसऱ्यांनी ठरवलं, त्याला कुणी विचारलं नाही.

यावरून तो बरोबर ठरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. एल्थिना जुलमी नाहीत. टेम्पलरांची प्रमुख मेरेडिथ आणि जादूगारांचा प्रमुख ऑर्सिनो यांच्या भांडणात त्या कुणाचीच बाजू घेत नाहीत, धीर धरा म्हणत राहतात. त्यांचा दोष इतकाच, की अधिकार असून वापरला नाही. अँडर्सला मात्र तीच मधली जागा नको आहे. तडजोड शक्य आहे असं वाटेल तोवर कुणी लढणार नाही, म्हणून तडजोडीची शक्यताच संपवायची, असा त्याचा हिशोब आहे. तो हिशोब खराही ठरतो. मेरेडिथ लगेच सगळ्या सर्कलची कत्तल करायचा हुकूम देते, ज्या जादूगारांचा स्फोटाशी काडीचा संबंध नाही त्यांचीसुद्धा. ज्यांच्यासाठी हे केलं त्यांना त्याने विचारलं होतं का? नाही. जे आपल्याशी केलं तेच त्यांच्याशी केलं.

स्फोटानंतर तो एका खोक्यावर पाठ करून बसतो आणि निवाडा आपल्यावर सोडतो. मारा, जाऊ द्या, किंवा बरोबर ठेवा. आत्तापर्यंत काहीही न विचारणारा माणूस आता सगळंच विचारतो. काही जण म्हणतात, त्याला हुतात्मा व्हायचं असतं. तसं असेल तर त्याला जिवंत ठेवणं हीच शिक्षा. पण सेबॅस्टियन नावाचा सोबती आपल्याबरोबर असेल (तो वेगळ्या विकत मिळणाऱ्या भागातून येतो), तर एल्थिना त्याला आईसारख्या. अँडर्सला सोडलं तर सेबॅस्टियन तिथल्या तिथे निघून जातो, सैन्य घेऊन परत येण्याची शपथ घेऊन. सुटकेलाही किंमत आहे.

खेळाडूच्या हातात मग उरतं तरी काय? या गेममध्ये सोबत्यांशी नातं एका पट्टीवर मोजलं जातं, एका टोकाला मैत्री आणि दुसऱ्या टोकाला प्रतिस्पर्धा. इतर गेममध्ये नापसंती वाढली की सोबती सोडून जातो. इथे प्रतिस्पर्धेच्या टोकालाही निष्ठा असते, फक्त ती वाद घालणाऱ्याची. अँडर्सच्या बाबतीत मी हे दोन्ही रस्ते खेळून बघायचा सल्ला देईन, कारण घटना तीच राहते आणि माणूस वेगळा होतो. मित्र म्हणून त्याच्या प्रत्येक रागाला आपण होकार दिला, तर शेवटी तो ठाम असतो, शांत असतो, केलं ते बरोबर म्हणतो. म्हणजे आपली सहानुभूती त्याला थोपवत नाही, उलट बळ देते. सतत विरोध केला, जस्टिस तुला खातो आहे असं सांगत राहिलो, तर तो स्वतःवरच शंका घेऊ लागतो. स्फोट होतोच, पण त्यानंतर बसलेला माणूस मोडलेला असतो. इतका, की टेम्पलरांच्या बाजूने, आपल्याच लोकांविरुद्ध लढायलाही त्याला राजी करता येतं. पहिल्यांदा ऐकताना हा ‘सुधारलेला’ शेवट वाटतो. मला तो सगळ्यांत भीषण वाटतो. ट्रँक्विल न करता माणूस शांत करण्याचाच तो प्रकार आहे.

आणखी दोन गोष्टी वाचताना ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ही सगळी कथा आपण व्हॅरिक नावाच्या बुटक्या कथाकाराच्या तोंडून ऐकतो. कॅसँड्रा नावाची धर्मसंस्थेची अधिकारी त्याची चौकशी करते आहे आणि तो सांगतो आहे. व्हॅरिक तिखटमीठ लावतो हे गेम सुरुवातीलाच दाखवून देतो. त्याचं कर्कवॉलवर प्रेम आहे, अँडर्सशी दोस्ती होती, आणि अँडर्सने त्याचं शहर जाळलं. तिसऱ्या अंकात चालता चालता अँडर्स त्याला आपल्या आईने केलेली उशी देऊन टाकतो. सामान वाटून टाकणारा माणूस कशाची तयारी करतो आहे, हे व्हॅरिकला त्या क्षणी कळलं होतं की कथा सांगताना नंतर सुचलं, हे ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट लेखकांच्या भित्रेपणाची. कर्कवॉलमध्ये जो तो जादूगार संधी मिळताच रक्तजादूकडे, म्हणजे रक्ताच्या बळावर चालणाऱ्या निषिद्ध जादूकडे, वळतो. नायकाच्या आईचा खून करणारा जादूगार, त्याची माहिती असून लपवणारा ऑर्सिनो, आणि तोच ऑर्सिनो आपण जादूगारांच्या बाजूने लढलो तरी शेवटी राक्षस बनून आपल्यावरच येतो. पलीकडे मेरेडिथचा कठोरपणाही लाल लिरियम या शापित जादुई खनिजाच्या तलवारीवर ढकलला आहे. म्हणजे दोन्हीकडच्या माणसांना अखेर काहीतरी ‘चढलेलं’ निघतं. शेवटी झुंजायला एक मोठा राक्षस हवा म्हणून हे झालं असावं, पण त्याने वाद हलका केला. अँडर्सचं पात्र या भेसळीतूनही टिकतं, कारण त्याच्या कृत्यामागे चढलेलं काही शोधायला गेलं की हाती त्याचा स्वतःचा रागच लागतो.

२०१४ सालच्या ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मध्ये अँडर्स स्वतः येत नाही, मात्र जादूगार आणि टेम्पलर यांचं युद्ध खंडभर पसरलेलं असतं. सर्कलं फुटलेली, गावं जळालेली, दोन्हीकडचे पळपुटे रानोमाळ. गेम सुरू करताना जुन्या निवडी नोंदवता येतात, त्यामुळे तो मेला की जगला हे नव्या कथेला माहीत असतं. व्हॅरिक इथेही सोबतीला आहे. त्याच्याकडे अँडर्सचा विषय काढून बघा. एरवी कुठल्याही गोष्टीची गंमत करणारा हा बुटका तिथे गंमत करत नाही.